अथ बोअरमीमांसा

अलिबाग तालुक्यातल्या किहीमच्या भूमीवर मूलगामी संशोधन आजवर एकदाच झालं. १९३० साली पक्षितज्ज्ञ सालिम अली बर्लिनहून शिकून आले, हाती नोकरी नव्हती, म्हणून मुंबई सोडून किहीमला राहिले आणि सुगरण पक्ष्यांची घरटी बघत बसले. धडधाकट माणूस कामधंदा नसताना दिवसभर झाडाकडे बघतो याचा गावाने काय अर्थ लावला असेल तो असो; त्या बघण्यातून निघालेला निष्कर्ष पुढे जगाने मान्य केला. त्यानंतर मात्र किहीमने ज्ञानाच्या प्रांतात जी विश्रांती घेतली ती आजतागायत. ही पोकळी भरून काढण्यासाठी प्रस्तुत अल्पप्रबंध सादर आहे. विषय : यामाहा आरएक्स १०० या दुचाकीचं इंजिन पिकअप वाढवण्याच्या हेतूने उघडणे, त्याचा सिलिंडर लेथवाल्याकडे टाकणे आणि तो परत मिळवणे. यातली पहिली क्रिया एका दुपारची, दुसरी पाच मिनिटांची. प्रबंधाचा भर तिसरीवर आहे.

आधी वस्तुनिश्चिती. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली. म्हणजे तिच्यातली अगदी शेंडेफळं म्हणावीत तीही आता तिशीला आली. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पेणच्या आरटीओत जाऊन, नोव्हेंबरातल्या पेन्शनराप्रमाणे, आपण हयात असल्याचा दाखला तिला द्यावा लागतो. तरी तिचा भाव उतरत नाही. उलट मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि बंगलेवाले स्वतःच्या गाड्यांसकट उतरू लागले, तेव्हापासून चोंढी नाक्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही आरएक्सच्या मालकाला "विकायची आहे का?" हा प्रश्न ऐकल्याशिवाय चहा संपवता येत नाही. मालक विकत नाही. तो इंजिन उघडतो.

पिकअपची व्याख्या करताना शास्त्रकाराची तारांबळ उडते. 'वेग म्हणजे पिकअप' म्हणावं तर अतिव्याप्तीचा दोष येतो, कारण उताराला सायकलीलाही वेग असतो. 'सिग्नल सुटताच सगळ्यांच्या पुढे जाणं म्हणजे पिकअप' म्हणावं तर अव्याप्ती, कारण किहीमात सिग्नलच नाही. तेव्हा स्थानिक लक्षण स्वीकारणं भाग आहे : मागे एक खातंपितं माणूस बसवून कार्लेखिंड गिअर न पाडता चढली तर पिकअप आहे, पाडावा लागला तर नाही. वेगाची हौस या तालुक्याला नवी नाही. अलिबागच्या किनाऱ्यांवर बैलगाड्यांच्या शर्यती होत आल्या. त्यांच्यावर २०१४ मध्ये बंदी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती अटी घालून उठवली. बैलांसाठी एवढं कोर्ट झालं. आरएक्सच्या अकरा घोड्यांसाठी कोणी साधा अर्जही केला नाही.

आता मूळ सिद्धान्ताकडे. आरएक्सच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५० मिलिमीटर. गुणाकार केला की घनफळ निघतं ९८ घनसेंमी. म्हणजे नावात शंभर आणि पोटात अठ्ठ्याण्णव. हा दोन घनसेंमीचा घोटाळा इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यांत का आला नाही, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. सिलिंडर झिजला की तो किंचित मोठा कापून मोठा पिस्टन बसवतात, यालाच बोअर मारणे म्हणतात, आणि बाजारात पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत मिळतात : पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर. हे चार आश्रम होत. कारखान्यातून आलेला सिलिंडर हा मुंज न झालेला बटू. पंचविसाला ब्रह्मचर्य लागतं आणि घनफळ ९९ च्या किंचित वर जातं. पन्नासाला गृहस्थाश्रम, आणि इथे घनफळ भरतं १००.१५. याचा सरळ अर्थ असा की आरएक्स १०० ही गाडी दुसऱ्या बोअरला प्रथमच आपल्या नावाला जागते. त्याआधी ती केवळ उमेदवार असते. पंचाहत्तरला १०१ आणि शंभराला १०२ घनसेंमी. त्यापुढे सिलिंडरची भिंत आणखी कापण्याजोगी उरत नाही, तेव्हा आतली बिडाची स्लीव्ह काढून नवी ठोकतात आणि जीव पुन्हा ५० मिलिमीटरच्या योनीत जन्म घेतो. आरसी बुकात मात्र चारही आश्रमांत ९८ च लिहिलेलं राहतं. सरकारदरबारी आत्मा अविकारी आहे.

चिकित्सक वाचक विचारील की चार घनसेंमीने कार्लेखिंड चढते का. चढत नाही. पिकअप येतो तो घनफळ वाढल्यामुळे नव्हे, फटी बुजल्यामुळे. सिलिंडर गोल असतो ही सामान्य जनांची समजूत आहे. वीस-तीस वर्षं पळालेला सिलिंडर लंबगोल असतो, शिवाय वर रुंद आणि खाली अरुंद. वरची रिंग जिथे पोचून परत फिरते तिथे झीज सर्वांत जास्त. मग रिंगेच्या कडेने जळता वायू निसटतो आणि जो जोर मागच्या चाकाला मिळायचा तो क्रँककेसमध्ये जाऊन बसतो. गंमत पुढेच आहे. पिस्टनही गोल नसतो, आणि तो मुद्दाम तसा केलेला असतो. थंड असताना तो किंचित लंबगोल आणि वरच्या टोकाला निमुळता, कारण वरचा भाग जास्त तापतो आणि पिनेच्या बाजूला धातू जास्त असतो. तापला की फुगून गोल होतो. म्हणून पिस्टनचा व्यास वरून मोजायचा नाही, खालच्या घेरावर, पिनेशी काटकोनात मोजायचा. थोडक्यात, बोअरशास्त्र म्हणजे जो गोल राहिलेला नाही त्यात जो अजून गोल झालेला नाही तो बसवणं.

दोघांमध्ये जागा ठेवायची ती काही शतांश मिलिमीटर. अॅल्युमिनियमचा पिस्टन बिडापेक्षा साधारण दुपटीने फुगतो. जागा कमी पडली तर वडखळकडे जाताना भर वेगात तो सिलिंडरला चिकटतो आणि मागचं चाक जागीच अडतं, जास्त झाली तर थंडीत इंजिन खडखडतं आणि शेजारी विचारतात, "नवीन बांधलंय ना?" हा सगळा संसार दोन थाऊंत चालतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. किहीमातल्या बंगल्यांची दारं बसवणारा सुतार सुतात मोजतो, आणि एका सुतात असे सव्वाशे थाऊ बसतात. दार एक सूत चुकलं तर लांबी भरून रंग मारता येतो. सिलिंडरला लांबी भरण्याची सोय शास्त्रात नाही, पण प्रयत्न झाल्याचे उल्लेख सापडतात.

हे शतांश मोजायचे कसे? न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत आणि चारही लेथच्या टपरीत रोज वापरात असतात. प्रत्यक्ष : मिस्त्री सिलिंडरात नख फिरवतो आणि वरच्या कडेला नख अडकलं की मान हलवतो. अनुमान : पिस्टन तोंडाशी धरून सोडला असता तो ज्या गतीने खाली सरकतो तिच्यावरून निर्णय, धाडकन पडला तर गेला, थबकत उतरला तर बरा. उपमान : "परवा मापगावच्या पोराचा मारला, सेम तसाच मारतो." आणि शब्द, म्हणजे आप्तवाक्य : "मी सांगतो ना शेठ." चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानत, म्हणून त्यांना अलिबाग तालुक्यात लेथ चालवता आली नसती. इथे शब्दप्रमाण श्रेष्ठ आहे आणि बाकीची तीन त्याच्या पुष्टीला येतात. मायक्रोमीटर आणि बोअर गेजही असतात, नाही असं नाही. ते कपाटात, मऊ कापडात, डबीत असतात. ती डबी ज्या गिऱ्हाइकासाठी उघडली जाते त्याने आपल्याला मान मिळाला असं खुशाल समजावं. याच तालुक्यात, अलिबागला, पृथ्वीच्या चुंबकत्वातली सूक्ष्म हालचाल १९०४ पासून मोजली जाते. मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या होत्या, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतली नोंद बिघडेल म्हणून मोजणीची उपकरणं इकडे आणली आणि इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं. एकाच तालुक्यात एक शास्त्र लोखंडापासून पळतं आणि दुसऱ्याच्या अंगावर लोखंडाचा कीस असतो. दोघांचा अद्याप संवाद नाही.

एवढी सिद्धता झाल्यावर कालमीमांसेला हात घालता येतो. सिलिंडर परत केव्हा मिळतो?

पूर्वसूरींनी या प्रश्नावर 'उद्या' एवढंच भाष्य करून ठेवलं आहे. त्यात तथ्य आहे पण यंत्रणा सांगितलेली नाही. ती यंत्रणा सालिम अलींनी १९३० सालीच शोधून ठेवली होती. फक्त ती पक्ष्यांची आहे असा त्यांचा समज झाला. त्यांची निरीक्षणं अशी. घरटं विणतो तो नर. (बहिणाबाईंच्या कवितेने ज्या कौशल्याचं श्रेय सुगरणीला दिलं ते इथे नराच्या खात्यात जातं, मराठी कविता आणि किहीम यांचं हे एकमेव भांडण.) नर घरटं पुरं करत नाही. शिरस्त्राणासारखा घुमट आणि मधोमध एक पट्टी एवढंच विणून तो थांबतो आणि पंख फडफडवून ओरडतो. मग माद्या येतात, आत शिरून तपासतात, काड्या ओढून बघतात. पसंत पडलं तर एक मादी ठाण मांडते, आणि तेव्हाच नर अंड्यांची खोली आणि खालची नळी पुरी करतो. मादी अंड्यांवर बसली रे बसली की हा शेजारच्या फांदीवर दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. जे घरटं कुणी पसंत केलं नाही ते अर्धवट लोंबकळत राहतं.

आता लेथच्या दारातली फळी बघा. तिच्यावर सिलिंडर ओळीने मांडलेले असतात. प्रत्येकाला तांब्याच्या तारेने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर मार्करने लिहिलेलं : 'किहीम आरेक्स', 'चोंढी टेम्पो', 'वाडीचा पंप'. कुणाचा बोअर झाला आहे, होनिंग (दगडाने आतून घासणं) राहिलं आहे. कुणाचं हेड घासून तयार आहे, सिलिंडर तसाच. कुणाचा फक्त उघडून पुसून ठेवला आहे. हा आळस नव्हे, ही घुमटावस्था आहे. मिस्त्री गिऱ्हाइकाच्या भेटीसाठी थांबला आहे. गिऱ्हाईक आलं, बोट घालून बघितलं, दोन शंका काढल्या, थोडे पैसे टेकवले, स्टूल ओढून बसलं, की त्याच्यादेखत नळी विणायला सुरुवात होते. नळी पुरी झाली की मिस्त्री पुढच्या फांदीवर. यावरून एक महत्त्वाचा उपसिद्धान्त निघतो : फोन करून काम पुढे सरकत नाही. मादी फोन करत नाही. "मिस्त्री, झालं का?" असं फोनवर विचारणाऱ्याला "तुमचाच घेतलाय हातात शेठ" हे उत्तर मिळतं, आणि ते खोटं आहे असं म्हणता येत नाही, कारण हातात काय आहे हे फोनवरून दिसत नाही.

ऋतुमानाचं साम्य तर थक्क करणारं आहे. सुगरण पावसाळ्यात विणते. इकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, त्यामुळे रेवस, बोडणी, थळ, नवगाव इथल्या मशीन होड्या किनाऱ्याला लागतात आणि त्यांची इंजिनं, शाफ्ट, पंखे दुरुस्तीला निघतात. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेलीच पाहिजे. ती तारीख कुणाच्या बापाला पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे पावसाळ्यात लेथवर पहिला हक्क बोटीचा, दुसरा भाताच्या कामातल्या यंत्राचा, तिसरा टेम्पोचा. हौसेच्या आरएक्सचा नंबर जिथे लागतो त्या जागेला गणितात संज्ञा नाही. याबद्दल चिडणाऱ्यांनी एकदा शांतपणे विचार करावा : एकाचं त्या शाफ्टवर वर्षाचं पोट आहे, आपल्याला खिंड चढायची आहे.

या सिद्धान्ताला चोंढीच्या चहाच्या टपरीवर एक प्रबळ पूर्वपक्ष मांडला जातो, त्याची दखल घेणं प्रबंधकाराचं कर्तव्य आहे. हा कोकिळपक्ष. त्यांचं म्हणणं असं की मिस्त्री सुगरण नसून कोकीळ आहे. त्याच्याकडे बोअरचं मशीनच नाही; तो आठवड्याचे सिलिंडर गोळा करून पनवेलच्या घरट्यात नेऊन ठेवतो आणि तिथला कावळा ते उबवतो. म्हणूनच उशीर, आणि म्हणूनच "जरा टाइट झालाय" म्हटल्यावर इथे कुणाकडे उत्तर नसतं. याला आमचं उत्तर असं की कोकीळ पिल्लू परत आणत नाही. मिस्त्री आणतो. पनवेलचा शिक्का पुसून आणतो, पण आणतो. तेव्हा कोकिळपक्ष अंशतः ग्राह्य धरून, वाचकाने पहिल्याच भेटीत मशीन दाखवायला सांगावं. मशीन असलेला मिस्त्री ते दाखवताना खुलतो. नसलेला चहा मागवतो.

पोर्टिंगबद्दल, म्हणजे सिलिंडरच्या खिडक्या कोरण्याबद्दल, दोन संप्रदाय आहेत आणि ते एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. दोन स्ट्रोकच्या या इंजिनाच्या हेडमध्ये झडपा नाहीत. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्याच पिस्टनच्या हालचालीने उघडतात-मिटतात. एक्झॉस्टची खिडकी वरच्या अंगाला थोडी कोरली की ती लवकर उघडते आणि जोर वरच्या आरपीएमला सरकतो. पहिला संप्रदाय म्हणतो, कोरा. दुसरा म्हणतो, वर मिळतं ते खालून जातं. चोंढीच्या बाजारात पहिल्या गिअरमध्ये गाडी रडेल. दुसऱ्याचं खरं आहे. हेड घासण्याचंही तेच : अर्धा मिलिमीटर घासला की वरच्या खोलीतली जवळपास एक घनसेंमी जागा जाते, दाब वाढतो, खेच वाढते, आणि उष्णताही. या विषयात आमचं मत स्पष्ट आहे. किहीमसारख्या गावी, जिथे सगळ्यात लांबचा सरळ रस्ता संपायच्या आत कुणाची तरी म्हैस आडवी येते, तिथे खिडक्यांना हात न लावता बोअर नीट मारून घेणं यातच शहाणपण आहे. खिडक्यांच्या कडा मात्र बोअरनंतर मोडल्याच पाहिजेत. नवा बोअर त्या कडांना वस्तऱ्याची धार आणतो आणि रिंग तिथे अडकून तुटते. हे मिस्त्रीला आठवण करून द्यावं लागतं, आणि आठवण करून दिल्यावर "ते सांगायला पाहिजे का?" असं तो म्हणाला की समजावं, पाहिजे होतं.

सिलिंडर हाती आला की उन्हात धरून आत बघा. भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी दिसली पाहिजे, दोन बाजूंनी एकमेकींना छेदणारी, चटईच्या विणीसारखी बारीक. हीच होनिंगची खूण. या रेघांत तेल धरून राहतं आणि रिंगा बसतात. आरसा दिसला तर काम अर्धं आहे. मग गरम पाणी आणि साबण घेऊन तो धुवायचा, पेट्रोलने नव्हे, कारण होनिंगच्या दगडाची भुकटी पेट्रोलने रेघांतून निघत नाही. पांढरं फडकं आत फिरवत राहायचं, करडा डाग येणं बंद होईपर्यंत. ते बंद झालं की तिथल्या तिथे तेलाचा हात. इथे किहीमचा भूगोल आड येतो. हवा खारी आहे. धुतलेलं कोरडं बीड रात्रभर ओटीवर राहिलं तर सकाळी आत तांबूस झाक दिसते आणि होनिंगवर खर्चलेली मजुरी समुद्राच्या नावे जमा होते. बसवताना रिंगांची तोंडं खोबणीतल्या पिनांवर, आणि पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टच्या दिशेला. बाण समुद्राच्या दिशेला असतो असं मानणारा एक मेकॅनिक या परिसरात होऊन गेला. त्याच्या घराची आणि गॅरेजची रचना अशी होती की बहुतेक वेळा ते बरोबरच येई.

राहता राहिला व्यवहार, आणि इथे शास्त्रार्थ सोडून वाचकाला सरळच सांगतो. लेथवाल्याकडे सिलिंडर एकटा टाकून येऊ नका. आधी पिस्टन विकत घ्या, रिंगा आणि पिनेसकट, आणि तोच पिस्टन सिलिंडरबरोबर द्या. पन्नासचा पिस्टन म्हणून डबीवर जे छापलेलं असतं ते आणि आतला पिस्टन यांत शतांशांचा फरक निघू शकतो, आणि आपलं सगळं भांडण शतांशांचंच आहे. बोअर डबीवरच्या आकड्याला मारायचा नसतो, हातातल्या पिस्टनला मारायचा असतो. आणि न्यायचाच असेल तर एप्रिलात न्या. जूनमध्ये बोटी येतील.